बारा रात्रींची फाइल

आमच्या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर येशूची तसबीर आहे आणि तिच्या बरोबर खाली फाइलींचं कपाट. तसबिरीपुढे रोज संध्याकाळी दिवा लागतो, कपाटाला मी रोज सकाळी हात लावून बघतो. दुबईत बावीस वर्षं काढलेल्या माणसाची श्रद्धा अशी दोन मजली असते. कपाटात भाड्याचा करार आहे, लग्नाचा दाखला आहे, मुलीचा जन्मदाखला आहे, माझी डिग्री आहे, सगळं अटेस्ट केलेलं, आणि त्या अटेस्टेशनच्या पावत्यांची वेगळी फाइल आहे. मी देराला एका शिपिंग ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघतो. जहाज बुडालं तरी एक वेळ चालेल, पण कागद ओला होता कामा नये, अशी आमच्या खात्याची रीत आहे.

अशा माणसाने मोटरहोम भाड्याने घेऊन युरोपच्या दक्षिण किनाऱ्याने भटकायला निघावं, यात विसंगती आहे हे मलाही कळतं. पण त्यामागे कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझी आई.

वडील आदल्या वर्षी गेले. वसईच्या घरी आई एकटी राहिली. घर मोठं नाही. तीन खोल्या, मागे विहीर, केळी आणि सोनचाफ्याची वाडी, आणि दारात एक तापट कुत्रा. आई बहात्तर वर्षांची. तिला कायमची दुबईला आणायची हे मी ठरवून टाकलं होतं. तिने ठरवलं नव्हतं. फोनवर विषय काढला की ती म्हणायची, "बघू." आमच्या आईच्या तोंडी 'बघू' म्हणजे 'नाही'च, फक्त परदेशी फोनवर भांडण नको म्हणून जरा सौम्य केलेलं.

"डायरेक्ट रेसिडन्सचा फॉर्म समोर ठेवलास ना, तर मामला खलास," बायको म्हणाली. "आधी त्यांना आपल्याबरोबर कुठेतरी फिरायला नेऊ. एकत्र राहायची हॅबिट लागू दे. मग हळूच विचार."

आवळा देऊन कोहळा काढायचा हा बेत मला एकदम पटला. मोटरहोमची कल्पना माझी. एका मोठ्या व्हॅनमध्ये चार बिछाने, शेगडी, फ्रिज आणि संडास. त्या डब्यात आई आमच्याबरोबर बारा दिवस राहू शकली, तर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सहज राहील, असा माझा हिशेब. भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं की जिथे मन रमेल तिथे थांबा, जेव्हा वाटेल तेव्हा निघा.

पण व्हिसाच्या अर्जात 'मन रमेल तिथे' असा रकाना नसतो. प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवावं लागतं. मी एक्सेल उघडलं. बारा रात्री, आठ कॅम्पसाइट, प्लॉट नंबर, पोचायची वेळ, निघायची वेळ, अंतर. आमचे अर्ज दुबईहून, आईचा मुंबईहून, आणि दोन्हीकडे तीच यादी, अक्षर न् अक्षर तीच. व्हिसे आले. दुसऱ्या कुणीही त्या क्षणी ती यादी रद्दीत टाकली असती. पण ऑफिसातल्या एकाने मला गाठून सांगितलं की त्याच्या मेहुण्याच्या मित्राला तिकडे पोलिसांनी अडवून विचारलं होतं, "आजची रात्र तुम्ही अमुक ठिकाणी असायला हवं होतं, इथे काय करताय?" त्याच दुपारी मी यादी लॅमिनेट करून आणली.

लिस्बनला आई मुंबईहून आली, आम्ही दुबईहून. साडी, वर स्वेटर, पायात नातीचे जुने स्पोर्ट्स शूज. तिने मोटरहोमला एक फेरी मारली.

"हे घर आहे की टेम्पो?"

"दोन्ही आहे, आई."

"म्हणजे धड एकही नाही," ती म्हणाली आणि आत जाऊन शेगडीजवळची जागा तिने ताब्यात घेतली.

पहिल्या दोन दिवसांत दुबईने आम्हाला किती लाडावून ठेवलंय हे कळलं. आम्ही सगळे तिथे उंटावरून शेळ्या हाकतो. नळ गळला की नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, फोन. दूध संपलं की खालच्या ग्रोसरीला फोन. चहा हवा असेल तर कॅफेटेरियासमोर गाडी लावून हॉर्न द्यायचा, करक चहा खिडकीत हजर. पोर्तुगालमध्ये डिझेल भरायला मी पंपावर काच खाली करून दहा मिनिटं बसून राहिलो. मागे चार गाड्या जमल्या तेव्हा कळलं की इथे कुणी येत नसतं, आपणच उतरायचं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याहून कमाल झाली. यादीप्रमाणे अडीचला पोचायचं होतं, अडीचला पोचलो. कॅम्पसाइटचा आडवा दांडा खाली, ऑफिस बंद. हाताला सवय तशी मी हॉर्न दिला. कुणी आलं नाही. मग जरा लांबलचक दिला. आतल्या पाइनच्या झाडांखालून एकेक करून पंधरा-वीस गोरे म्हातारे चड्डीवर बाहेर आले आणि हात कमरेवर ठेवून आमच्याकडे बघत उभे राहिले. दांड्यावरच्या पाटीचं बायकोने मोबाइलवर भाषांतर केलं. दोन ते चार विश्रांतीची वेळ, कृपया शांतता राखा.

"पापा, दे थिंक यू आर ॲन ॲम्ब्युलन्स," मुलगी म्हणाली. ती सोळा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत.

आणि संडासाची टाकी. ती बाहेर काढून, चाकांवर ओढत नेऊन, स्वतःच्या हाताने ओतायची असते, हे माहितीपत्रकात कुठेही नव्हतं. तिसऱ्या सकाळी दिवा लाल झाला. आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत बसलो.

"नातूरला बोलव," बायकोच्या तोंडून निघून गेलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हबीबी, इथला नातूर तूच."

डिग्री अटेस्ट केलेला माणूस टाकी ओढत निघाला. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी आपापल्या टाक्या ओढत मला 'गुड मॉर्निंग' केलं, तिथे ती फिरायला जायची वेळ होती. आई खिडकीतून बघत होती. परत आलो तर म्हणाली, "चांगलं झालं. तुझ्या हाताला काहीतरी काम लागलं."

असे तीन दिवस गेले, आणि सांगायला हरकत नाही की ते यादीप्रमाणे गेले. समुद्र दिसला की मुलगी म्हणायची, "कॅन वी स्टॉप?" मी यादी बघायचो. यादीत थांबा नसायचा. एकदा डोंगराच्या कुशीत निळंशार पाणी दिसलं, बायकोने माझ्या हातावर हात ठेवला, आणि मी म्हणालो, "पाच चाळीसला चेकइन आहे." तिने हात काढून घेतला. मला वाटलं, मला गियर बदलायला अडचण नको म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही पोर्तुगालच्या अगदी खालच्या किनाऱ्यावर होतो. शेजारच्या प्लॉटवर एक डच बाई होती, आईच्याच वयाची, विधवा. तिच्या कॅरव्हॅनभोवती टोमॅटोची रोपं होती, जिरॅनियमच्या कुंड्या होत्या, लिंबाचं एक झाड पिंपात लावलेलं, आणि ह्या सगळ्याला गुडघ्याएवढं पांढरं कुंपण. आईने ते टोमॅटो बघितले आणि तिच्याने राहवेना. कुंपणाशी जाऊन तिने एका रोपाकडे बोट दाखवलं आणि दोन बोटांनी खुडल्यासारखं केलं. वरचा शेंडा खूड, फुटवा येईल. डच बाईने खुडला. त्यानंतर दोघी संध्याकाळपर्यंत वाफ्यात वाकलेल्या होत्या. एक मराठीत बोलत होती, एक डचमध्ये, आणि दोघींचंही काही अडत नव्हतं. बारा वर्षं कॉन्फरन्स कॉल केलेल्या मला ते बघून हेवाच वाटला.

सकाळी नऊला मी वीज काढली, पाइप गुंडाळला, खुर्च्या आत टाकल्या. एक खुर्ची उरली. तिच्यात आई बसली होती, चांगली साडी नेसून.

"आई, चल. यल्ला. पावणेदहाला निघायचंय."

"मी नाही येत."

"म्हणजे?"

"आज झावळ्यांचा रविवार. अकराला खालच्या चर्चमध्ये मिस्सा आहे, तिच्याबरोबर जातेय. मग तिच्याकडे जेवण. मासे मी साफ करून देणार म्हणून सांगितलंय."

"कुठल्या भाषेत सांगितलंस?"

"हाताने."

"आई, पुढच्या कॅम्पसाइटजवळ संध्याकाळी सहाला मिस्सा आहे. मी यादीत टाकलंय. हे बघ."

तिने लॅमिनेट केलेला कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि परत दिला. "देवालाही वेळ देऊन ठेवलीस होय?"

"व्हिसाच्या पेपरवर आजची रात्र स्पेनमध्ये आहे. तुझ्यापण. आपण लिहून दिलंय. उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?"

मी तिला मेहुण्याच्या मित्राची हकिगत सांगितली.

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"गाव?"

"आई, मुद्दा तो नाहीये..."

"हे बघ," आई म्हणाली, आणि लहानपणी पाढे घेताना यायचा तो आवाज तिच्या गळ्यात आला. "हीच माणसं आपल्या वसईला आली होती ना? किल्ला बांधून दोनशे वर्षं राहिली. किती रात्री राहणार म्हणून त्यांना कुणी विचारलं होतं? मी एक रविवार जास्त राहिले तर त्यांचं काय बिघडतंय?"

"आजी वन, पापा झिरो," मागून आवाज आला. बायकोने बूट काढले आणि शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. माझ्याच घरात, किंवा टेम्पोत, मी एकटा पडलो.

तिघी डच बाईबरोबर मिस्साला गेल्या. मी गेलो नाही. मी फाइल मांडीवर घेऊन दारात बसलो, कारण कुणी आलंच तर समजावून सांगायला जबाबदार माणूस जागेवर हवा. साडेअकराला खरंच एकजण आला. कॅम्पसाइटचा मॅनेजर, सायकलवरून, हातात वही. तो सरळ आमच्याच प्लॉटशी उतरला. मी उभा राहिलो, फाइल उघडली, पासपोर्ट, व्हिसा, विमा, सगळं क्रमाने. मी इंग्रजीत सुरुवात केली, "सर, आय कॅन एक्सप्लेन, माय मदर इज ओल्ड..." तो नीट ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने वही उघडली आणि विचारलं, उद्या सकाळसाठी पाव किती ठेवू?

मी सहा सांगितले. तो सायकलवर बसून पुढच्या प्लॉटवर गेला.

तिघी परत आल्या तेव्हा आईच्या हातात आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये मिळते ती झावळी नव्हती, ऑलिव्हची फांदी होती. तिथे तीच मिळते. बांगडे आईने साफ केले, वसईचा मसाला लावला, डच बाईने भाजले. जेवताना मुलगी दुभाषी झाली. बाई अकरा वर्षं दर हिवाळ्यात इथेच येते, ह्याच प्लॉटवर, ऑक्टोबर ते मे.

"तिला विचार, घर कुठे आहे तिचं?" आई म्हणाली.

मुलीने विचारलं. विटांचं घर आहे, मागे सफरचंदाचं झाड आहे, बहीण तिथे राहते आणि सगळं बघते.

"म्हणून," आई मान हलवून म्हणाली.

"म्हणून काय?"

"म्हणून इथे एवढी निवांत बसते."

मी फारसं लक्ष दिलं नाही. मी मनातल्या मनात स्पेनचं वेळापत्रक एक दिवसाने पुढे ढकलत होतो.

बार्सिलोनाच्या विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या बाईपुढे मी पासपोर्टांबरोबर फाइलही सरकवली. तिने फाइल उघडलीसुद्धा नाही. ती मला परत सरकवली, कारण तिच्या कोपराला अडचण होत होती. शिक्के मारले, पुढचा. आई माझ्या शेजारी उभी होती. तिने फाइल फक्त उचलून माझ्या काखेत दिली, हे तिचे उपकार.

तिथून ती व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे दुबईला आली, तीन आठवडे. आणि ते तीन आठवडे इतके चांगले गेले की मी मनात कोहळा शिजवायलाही घेतला. बाल्कनीत तिने कढीपत्ता लावला. नातूरशी तिची हिंदीत मैत्री झाली. नातीला ती मराठीत रागवायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मग दोघी एकाच ताटात खायच्या. ऑलिव्हच्या फांदीचे तिने दोन भाग केले आणि अर्धी येशूच्या तसबिरीमागे खोचली. मला वाटलं, माणूस जिथे राहणार तिथेच फांदी खोचतो.

परत जायच्या आदल्या संध्याकाळी मी कपाटातून नवी फाइल काढली. आईच्या रेसिडन्सची. टायपिंग सेंटरमधून अरबीत टाइप करून आणलेला अर्ज, विम्याचा कागद, भाड्याचा करार, तिचा लग्नाचा दाखला. आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला, अटेस्ट केलेला. ती विधवा आहे हे दाखवावं लागतं.

त्या कागदापाशी ती थांबली. एकावर एक तीन शिक्के होते, निळे आणि हिरवे. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"गेल्यावरपण ह्यांना एवढ्या ऑफिसांत फिरवलंस?"

तो दाखला मी महिनाभर कुरियरने मुंबई-दिल्ली-दुबई फिरवला होता, ट्रॅकिंग नंबर रोज बघत होतो, आणि त्यातलं नाव माझ्या बापाचं आहे हे मला त्या एका महिन्यात एकदाही जाणवलं नव्हतं. मला लाज वाटली.

आईने फाइल आपल्याकडे ओढली. "हा व्हिसा किती दिवसांचा?"

"एका वर्षाचा. मग रिन्यू."

"आणि तुझा?"

"दोन वर्षांचा. मग रिन्यू."

"आणि नोकरी गेली तर?"

"नाही जाणार. इन्शाल्ला."

"गेली तर?"

उत्तर बायकोने दिलं. "मग थोडे दिवस देतात, आई. तेवढ्यात दुसरा जॉब मिळाला तर ठीक, नाहीतर निघायचं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

आईने हॉलभर नजर फिरवली. सोफा, टीव्ही, तसबीर, कपाट. लिस्बनला मोटरहोमकडे बघितलं होतं तसंच.

"म्हणजे बावीस वर्षं तू प्लॉटवरच आहेस," ती म्हणाली. "वीज जोडलीयस, खुर्च्या मांडल्यायस, मी कढीपत्तापण लावला. त्या बाईचं मागे घर होतं. तुझं कुठे आहे?"

"वसईला," मी म्हटलं.

"तिथे कोण आहे?"

मी तसबिरीखालच्या कपाटाकडे बघितलं.

"मी आहे," आई म्हणाली. "मी इथे आले तर विहीर पाल्याने भरेल, कुत्रा दुसऱ्याच्या दारात जाईल, आणि दोन पावसाळ्यांत घर बसेल. मग तुझा कागद संपला की ह्या दोघींना घेऊन तू कुठे जाणार? टेम्पोत?"

मुलीने कानातली वायर काढली. तिचा जन्म इथला, शाळा इथली, आणि तिचाही व्हिसा माझ्याच नावावर. तिने इंग्रजीत काही म्हटलं नाही. मराठीत म्हणाली, "आजी, मग मी सुट्टीत तुझ्याकडे येऊ?"

"किती दिवस म्हणून विचारणार नाही मी," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बॅग गाडीत ठेवून झाल्यावर आईने पर्समधून वसईच्या मागच्या दाराची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. जुनी, पितळी, वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली.

"ही असू दे तुझ्याजवळ. माझ्याकडे दुसरी आहे. हिला शिक्का लागत नाही."

मला रडू आलं, आणि ते मी हॉर्न देऊन लपवलं. खालच्या कॅफेटेरियातला माणूस लगेच बाहेर येऊन किती चहा म्हणून विचारू लागला. मी चार सांगितले. चहा येईपर्यंत मी किल्ली गाडीच्या किल्लीच्या कडीत अडकवली, आणि मग आईला विमानतळावर सोडायला निघालो.